धक्का न लागणारी गाडी

मला वजन विचारलेलं आवडत नाही. वय विचारा, पगार विचारा, लग्न उशिरा का झालं तेही खुशाल विचारा. पण वजनाचं नाव काढलं की मला पांढुर्ण्याच्या शाळेतली स्टाफरूम आठवते आणि दारात उभे असलेले मेश्राम सर. इतकी वर्षं झाली तरी त्या आठवणीशी माझी नीट ओळख झालेली नाही. ती आली की मी घरातला दिवा लावते, मग दुपार का असेना.

ऐंशी साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. मुलताईहून मी पहिल्याच नोकरीला पांढुर्ण्याला आले होते, मराठी शिकवायला. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक उंच, शिडशिडीत माणूस दारात आला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोटांना ग्रीस. त्यांनी मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "बाई, तुमचं वजन किती आहे जी?"

मी खुर्चीतच ताठ झाले. बाकीचे शिक्षक हसायला लागले.

"राग नका मानू. मले वजन पाह्यजे. वय नाई विचारून राह्यलो मी."

हे आमचे विज्ञानाचे सर. अख्ख्या स्टाफचं वजन त्यांना तोंडपाठ होतं. हेडमास्तर अडुसष्ट, शिपाई बावन्न. हिंदीच्या गुरुजींनी पाच किलो कमी सांगितले होते, तर सरांनी त्यांच्याशी आठवडाभर बोलणं टाकलं होतं. "मत सांगू नका, वजन सांगा," हे त्यांचं पालुपद. कुणी शाळेच्या निकालावर, पावसावर, पुढाऱ्यांवर काही बोलायला लागलं की ते मान हलवून हेच म्हणायचे आणि उठून जायचे. लोकांनी त्यांना विक्षिप्त ठरवून टाकलं होतं, आणि गावात एकदा तसा शिक्का बसला की माणसाची बरीच सोय होते.

मी वजन सांगितलं नाही. पण शनिवारी घरी जायला स्टेशनवर गेले, तर पार्सलच्या काट्यापाशी हे उभे. पार्सलबाबू त्यांच्या ओळखीचा. "दोन मिंट उभ्या राहा फक्त. पिशवी खाली ठेवा." फलाटावर माणसं बघताहेत, गाडीची घंटा झालेली. मी रागारागानं काट्यावर उभी राहिले. काटा पंचेचाळीसवर थांबला.

मेश्राम सर काट्याकडे बघतच राहिले. मग अगदी हळू म्हणाले, "दोन कमी."

कशापेक्षा दोन कमी, हे विचारायचं मला तेव्हा सुचलं नाही.

सर एक मोटार बांधत होते. नागपूरचा कोणी कारागीर हलक्या मोटारीचा सांगाडा विकायचा. पाइपांचा सांगाडा, पातळ पत्र्याचे तुकडे आणि हातानं काढलेला नकाशा. इंजिन ऑटोरिक्षाचं बसवा, चाकं स्कूटरची लावा, सीट घरी करा, असं सगळं त्या नकाशात लिहिलेलं. सरांनी तो सांगाडा रेल्वेनं आणवला आणि क्वार्टरमागच्या पेरूच्या झाडाखाली एकट्यानं जोडला. गाडी चालू होत होती, वळत होती, थांबत होती. इतकी हलकी की दोघांनी मिळून मागची बाजू उचलावी. अडलं होतं ते एकाच ठिकाणी. नकाशाच्या कोपऱ्यात कारागिरानं लिहून हात झटकले होते, "स्प्रिंग व शॉकअप ज्याचे त्याने पाहून घ्यावे."

त्या एका ओळीपायी सरांची तीन वर्षं गेली होती.

प्रयोगशाळेत छताच्या कडीला कायम एखादी स्प्रिंग टांगलेली असायची. खाली वाण्याकडून आणलेली लोखंडी मापं अडकवायची, बाजूला फूटपट्टी धरायची. किलोमागे स्प्रिंग किती ताणली जाते, हे ते पोरांकडून वदवून घ्यायचे. दहावीच्या पोरांना वाटायचं, हा अभ्यासक्रमच आहे. भंगारातल्या स्कूटरच्या, मोटारसायकलच्या, रिक्षाच्या स्प्रिंगा कपाटात ओळीनं ठेवलेल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्यांना समजावायला फार आवडायचं आणि समजावताना ते वेगळेच दिसायचे, जवळजवळ आनंदी.

"ट्रकवर मानूस चढला का उतरला, ट्रकले समजत नाई. ही गाडी एवढीशी. मागं एक बाई बसली तरी स्प्रिंगले लगेच समजते. म्हनून आधी कोन बसनार थे ठरवा, मंग स्प्रिंग पाहा. कडक घेतली तर गोटा लागला का गाडी उडते. नरम घेतली तर बूड टेकते."

"आणि शॉकअप?"

"स्प्रिंग उसळते, आन् उसळतच राह्यते. शॉकअप तिले थांबवते. पन लय जोरात थांबवलं तरी धक्का. दोघाइची जोडी जमली पाह्यजे."

"मागे कोण बसणार आहे, सर?"

"तुमी," ते म्हणाले आणि माप काढायला वळले.

अशी मी त्या गाडीत बसायला लागले. गावात बोलणारे बोलले. माझ्या घरमालकीणबाईंनी तर दोनदा सुनावलं की तो माणूस बिनबायकोचा आहे, जपून राहा. मी जपून राहावं असं त्या गाडीत काहीच नव्हतं. सर पुढे, मी मागे. माझ्यासाठी, म्हणजे मला तेव्हा तसं वाटायचं, नवारीची सीट विणलेली, पाय लांब करून रेलता येईल अशी. शेजारी फळीवर पाण्यानं भरलेला तांब्या. आणि बसल्यावर सर माझ्या हातात एक गाठोडं द्यायचे. त्यात किलोची दोन मापं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली.

"मांडीवर नाई, बाई. पोटाशी धरा."

ऑटोच्या स्प्रिंगा लावल्या तेव्हा मी तिगावच्या वळणावर छताला आपटले. स्कूटरच्या लावल्या तर गाडीचं बूड रस्त्याला घासलं. प्रत्येक खड्ड्यानंतर सर थांबायचे, मागे न बघता विचारायचे, "धक्का लागला?" आवाज घाबरलेला असे. मी म्हणायचे, हो, लागला. मग त्यांचे खांदे सैल पडायचे, एक मोठा श्वास सुटायचा आणि गाडी पुढे निघायची. मला वाटायचं, किती सोशिक माणूस आहे. तीन वर्षं हरतो आहे आणि तक्रार नाही.

स्टेशन रोडला बब्बूभाई नावाचे म्हातारे मिस्त्री होते, त्यांच्याकडे सर वेल्डिंगला जायचे. एका रविवारी मीही होते. गाडीचं मागचं अंग दाबून बघत बब्बूभाई म्हणाले, "मास्टर, इतना दिमाग काहे को लगाते हो? कमानी लगा दो, ऊपर से एक पाटा और डाल दो. जिंदगीभर की छुट्टी."

पाटा म्हणजे जीपच्या चाकावर कमानीत असतात त्या पोलादी पट्ट्यांतली एक. संत्र्याच्या हंगामात आमच्याकडे सगळे तेच करतात. खोकी जास्त भरायची म्हणून एकेक जास्तीचा पाटा घालतात. बब्बूभाईंनी काही वावगं सांगितलं नव्हतं.

सरांच्या हातातून पाना खाली पडला. तो तसाच सोडून ते वळले. नळाशी गेले आणि हात धुवायला लागले. साबण लावला, धुतले, परत लावला, परत धुतले. बब्बूभाई माझ्याकडे पाहून कानाच्या पाळ्या धरत म्हणाले, "गलती हो गई, बेटी. भूल गया था मैं."

परतताना सरांनी जाम नदीच्या काठाशी गाडी थांबवली. पलीकडे सावरगाव दिसत होतं. पुढे बघतच त्यांनी सांगितलं. मागे बसलेल्या मला त्यांची मान तेवढी दिसत होती.

आधी ते मोहगावला होते. बायको सुमन, सातवा महिना. तिथल्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्याची जीप होती आणि किती खोक्यांना किती पाटे लागतील, हे तो सरांना विचारायला आला होता. सरांनी कागदावर गणित मांडून दिलं, दोन पाटे वाढवा. जीपनं दुप्पट खोकी ओढली. गावात सरांचं नाव झालं.

"आन् एक दिवशी सकाळी तिले रक्त जायले लागलं. नर्सबाई म्हने, सौसरले न्या, पन धक्का लागू देऊ नका. जीप उभी होती, खोक्यायनं भरेल. तिले निजाले जागा पाह्यजे म्हनून आमी सगळी खोकी खाली उतरवली. सगळं गाव धावलं, बाई, खोकी उतरवाले. मीच वरडून राह्यलो होतो, लवकर उतरवा, लवकर उतरवा."

मला वाटलं, संपलं.

"रिकामी जीप. आन् पाटे खोक्यायचे. मी विज्ञान शिकवतो, बाई. मले समजाले पाह्यजे होतं. वजन असतं तर थे पाटे दबले असते, नरम चालली असती. रिकामी होती म्हनून उडत गेली. रपट्यावर असा धक्का बसला, का ती वरडली. मंग नाई वरडली."

रपटा म्हणजे नाल्याच्या पात्रातूनच जाणारी दगडी फरशी. मोहगाव-सौसर रस्त्यावर तेव्हा एक होता, कडेचे दगड उखडलेला. सौसरच्या दवाखान्याच्या फाटकाशी जीप पोचली तेव्हा सुमन गेलेली होती. पोटातलं मूलही.

"तीन दिवस आधी नर्सबाईनं तिचं वजन केलं होतं. सत्तेचाळीस."

माझ्या पोटाशी ते गाठोडं होतं. मला ते खाली ठेवायचं होतं आणि ठेवता येत नव्हतं.

"मले एवढंच पाह्यचं आहे," सर म्हणाले. "त्या दिवशी बरोबर गाडी असती, तर ती रपटा पार करून जिती पोचली असती का. तिच्या वजनाची बाई मागं, भरेल तांब्या बाजूले. पानी सांडलं का नाई सांडलं, बस. लबाडी नाई करायची. चांगल्यात चांगली स्प्रिंग, चांगल्यात चांगला शॉकअप. तुमी नाई म्हनलं तर मी समजू शकतो."

मी नाही म्हटलं नाही. का, ते सांगता येत नाही. दया आली म्हणावं तर ती होतीच, पण त्याहून जास्त म्हणजे मला त्या सीटवरून उठायची भीती वाटली. मी उठले तर तिथे कोण बसेल, असा वेडगळ विचार मनात आला होता. त्यानंतर कित्येकदा मला भास व्हायचा की रस्त्यावरच्या धक्क्याची वाट पाहत आम्ही दोघी बसलो आहोत.

त्याच सुमारास बातमी आली की मोहगावच्या त्या नाल्यावर पूल होणार. लोक खूश. सर मात्र रजा काढून सौसरला ओव्हरसियरकडे गेले आणि काम दिवाळीनंतर सुरू करा म्हणून गळ घालून आले. सबंध तहसिलीत पूल नको म्हणणारा हा एकच माणूस. ओव्हरसियरला वाटलं, यांचं तिथे शेत असेल.

मग घाई सुरू झाली. कुठून तरी जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगांची जोडी मिळाली, वापरून मऊ पडलेली. काट्यावर, फूटपट्टीवर ती बरोबर उतरली. आता शॉकअप. त्यांच्यातलं तेल बदलायचं, कधी जाड, कधी पातळ. अंगणात गाडीच्या मागच्या टोकाला खडू बांधायचा, समोर स्टुलावर पाटी उभी धरायची. सर गाडी दाबून सोडायचे, गाडी वरखाली व्हायची आणि मी पाटी सावकाश आडवी सरकवायची. पाटीवर लाटा उमटायच्या. पातळ तेलाला चार लाटा. जाड तेलाला एकही नाही, नुसती चढण. सर म्हणायचे, मले एक लाट पाह्यजे, मंग अर्धी, मंग सपाट. शेवटी दोन तेलं मिसळून ती पाटी जमली. त्यांनी ती पुसली नाही. बुद्धाच्या तसबिरीखाली भिंतीला टेकवून ठेवली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे गोटमार होते. पांढुर्णा आणि सावरगाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात. सर त्या दिवशी घराबाहेर पडले नाहीत, पण त्याच्या दुसऱ्या सकाळी मला न्यायला आले. नदीकडच्या रस्त्यावर गोट्यांचा खच. तो झाडला जाण्याआधी त्यांना गाडी त्यावरून न्यायची होती. लोक फुटकी डोकी बांधून ओट्यांवर बसले होते आणि आम्ही गोट्यांवरून हळूहळू चाललो होतो. तांब्यातलं पाणी काठाशी हललं, फळीवर चार थेंब पडले.

"धक्का लागला?"

"अगदी थोडा."

"थोडा म्हंजे लागला ना?"

"हो, लागला."

त्यांनी तो मोठा श्वास सोडला.

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी आम्ही मोहगावला गेलो. सर पूर्वी राहत ते घर त्यांनी दाखवलं नाही. मीच ओळखलं, कारण त्याच्यासमोर त्यांनी गाडी थांबवली, हापशावर तांब्या काठोकाठ भरला आणि फळीवर ठेवला. घराच्या दारातून कुणी बाई डोकावली. तिनं सरांना ओळखलं असावं, कारण पदर डोक्यावर घेऊन ती तशीच उभी राहिली. मला पाहिल्यावर तिचा चेहरा जो झाला, तो मी विसरले नाही.

नाल्याशी पुलासाठी आणलेल्या दगडांचे ढीग पडले होते. उतार लागला. सरांनी वेग कमी केला नाही. जीप ज्या वेगानं गेली होती, त्याच वेगानं जायचं होतं. मी गाठोडं दोन्ही हातांनी आवळून धरलं आणि डोळे तांब्यावर. पुढचं चाक उखडलेल्या दगडात उतरलं, चढलं. मग मागचं उतरलं. मी खाली गेले, वर आले, अर्धी पुन्हा खाली आणि गाडी सपाट चालायला लागली. पाणी काठावर थरथरलं. सांडलं नाही.

सरांनी विचारलं नाही. सौसरपर्यंत गाडी कुठे थांबवली नाही. दवाखान्याच्या फाटकाशी त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले आणि मागे आले.

"सर, एक थेंब नाही!" मी आनंदानं ओरडलेच. "जमलं! तुम्हाला जमलं!"

त्यांनी तांब्याखालच्या फळीवरून बोट फिरवलं. बोट डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

"धक्का लागला?"

"नाही. शपथेवर सांगते, नाही."

ते खाली बसले, तिथेच, चाकाजवळ, धुळीत.

"मले वाटलं होतं, सांडन," ते म्हणाले.

मला कळेना.

"सहा वर्षं मी सोताले सांगून राह्यलो का रस्ताच तसा होता. काईबी आनलं असतं तरी हेच झालं असतं. तेवढं एक डाव डोळ्यानं पाह्यलं असतं, का चांगल्यात चांगल्या गाडीनंबी होत नाई, तर मी..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "म्हंजे आली असती ती. इथपर्यंत."

"पण सर, तेव्हा ही गाडी कुठे होती? तुमच्याकडे काय होतं?"

"खोकी होती," ते म्हणाले. "भरेल होती जीप."

मला एकदम आठवलं, मी 'हो, लागला' म्हटलं की त्यांचे खांदे कसे सैल पडायचे. एकदा खोटं बोलले असते तर चाललं असतं. तांब्यात बोट बुडवून फळीवर चार थेंब टाकणं माझ्या हातात होतं. पण खोटं वजन सांगणाऱ्याशी न बोलणारा माणूस तो. आणि मला आधी कळलंच नाही, हे जास्त खरं.

मी गाठोडं सीटवर ठेवून उतरले. त्यांनी मला बसनं जायला सांगितलं. रागावून नाही, अगदी आदरानं. "तुमचे लय उपकार झाले, बाई," असंही म्हणाले, आणि ते ऐकून मला रडू फुटलं. सुट्टीतच माझी मुलताईच्या शाळेची ऑर्डर आली आणि मी पांढुर्ण्याला पुन्हा गेले ती फक्त ट्रंक आणायला. सर तेव्हा गावात नव्हते. कुठे गेले, कुणाला सांगता आलं नाही.

त्या दिवशी बस दवाखान्यासमोरूनच निघाली. मी खिडकीपाशी होते. सर अजून फाटकाशीच होते, पण आता गाडीत, मागच्या सीटवर, मी बसायचे तिथे. पाय लांब केलेले, दार उघडं. त्यांच्या वजनानं गाडी एका अंगाला जास्तच दबली होती. पुढची, गाडी चालवणाऱ्याची जागा रिकामी होती आणि ते तिच्याकडे पाहत होते.